सोडियम आणि पोटॅशियम भाऊ-भाऊ, मग त्यांतला एकच वावर का नासवतो?

गेल्या उन्हाळ्यात दर्यापूर तालुक्यात मोठ्या बाबांकडे गेले होते. मी रसायनशास्त्र शिकवते, म्हणून त्यांनी चहाच्या आधी माती परीक्षणाचा कागद माझ्यापुढे ठेवला. सोडियमसमोर ‘जास्त’ असं लिहिलेलं होतं. ओसरीच्या कोपऱ्यात नुकतीच आणलेली पोटॅशची, म्हणजे पोटॅशियमच्या खताची, थैली उभी होती. त्यांनी एकदा कागदाकडे बोट दाखवलं, एकदा थैलीकडे, आणि विचारलं:

“पोरी, नातवाच्या पुस्तकात तो चौकटीचा तक्ता हाय. त्याच्यात हे दोघं एकाखाली एक बसले हायेत. मास्तर म्हनते, एका उभ्या ओळीतले सारे एका स्वभावाचे. मंग एकानं माहं वावर नासवलं, अन् दुसऱ्याले पैसे देऊन कायले आना लागते?”

आवर्तसारणीचा, म्हणजे मूलद्रव्यांच्या या तक्त्याचा, धडा मी वर्षानुवर्षं शिकवते आहे, पण इतका नेमका प्रश्न मला वर्गात कोणी विचारला नव्हता. २०२३ साली एनसीईआरटीच्या दहावीच्या पुस्तकातून हा धडा वगळल्याची चर्चा देशभर झाली. अभ्यासक्रमाचा बोजा कमी करायचा, हे कारण दिलं गेलं. धडा अकरावीत आहेच, पण दहावीनंतर विज्ञान सोडून शेतीकडे वळणाऱ्या मुलाला तो तिथे भेटणार नाही. आपल्या राज्य मंडळाच्या दहावीच्या विज्ञानाच्या पुस्तकात मात्र गुरुत्वाकर्षणानंतर लगेच हाच धडा येतो. मला ते फार योग्य वाटतं. खारपाणपट्ट्यातल्या, म्हणजे विदर्भातल्या खाऱ्या पाण्याच्या पट्ट्यातल्या, माणसाला या तक्त्याशी रोजचं काम आहे. मोठ्या बाबांना त्या दिवशी जे सांगितलं, ते इथे जरा विस्ताराने सांगते.

तक्ता म्हणजे कॅलेंडरचं पान

ज्या पदार्थात एकाच जातीचे अणू असतात त्याला मूलद्रव्य म्हणतात. लोखंड, गंधक, ऑक्सिजन, सोडियम ही सगळी मूलद्रव्यं. आज अशी ११८ माहीत आहेत. प्रत्येकाच्या अणूच्या मधोमध केंद्रक असतं आणि त्यात प्रोटॉन नावाचे कण असतात. प्रोटॉन जितके, तितका त्या मूलद्रव्याचा क्रमांक. सोडियमचे ११, पोटॅशियमचे १९. केंद्रकाभोवती तितकेच इलेक्ट्रॉन असतात, आणि ते थरांमध्ये, म्हणजे कवचांमध्ये, राहतात.

आता भिंतीवरचं कॅलेंडर डोळ्यांपुढे आणा. तारखा ओळीने पुढे जातात, पण गावचा बाजार रविवारी असेल तर ३, १०, १७, २४ या तारखा एकाच उभ्या रांगेत येतात. तारीख बदलली तरी दिवसाचा स्वभाव तोच, बाजाराचा. आवर्तसारणी म्हणजे मूलद्रव्यांचं असंच पान. आवर्त म्हणजे पुन्हा पुन्हा येणं. लिथियम ३, सोडियम ११, पोटॅशियम १९, रुबिडियम ३७, सिझियम ५५. अंतरं मोजून पाहा: ८, ८, १८, १८. इथला आठवडा आधी आठ दिवसांचा आहे आणि पुढे अठरा दिवसांचा होतो. बाकी रीत कॅलेंडरचीच. अशा उभ्या रांगेला गण म्हणतात, आणि सारणीत असे १८ गण आहेत.

हे पान १८६९ मध्ये मांडलं ते रशियाच्या दिमित्री मेंडेलीव्ह यांनी. तेव्हा जेमतेम ६३ मूलद्रव्यं माहीत होती, आणि प्रोटॉन, इलेक्ट्रॉन तर कोणी ऐकलेही नव्हते. त्यांनी अणूचं वजन आणि गुण एवढ्यावरच मांडणी केली. जिथे स्वभाव जुळेना तिथे ओढूनताणून कुणाला बसवलं नाही, जागा रिकामी ठेवली आणि तिथे येणाराचं वर्णन आधीच लिहून टाकलं. त्या न सापडलेल्यांना नावं देताना त्यांनी संस्कृतचा ‘एक’ हा शब्द घेतला: एक-ॲल्युमिनियम, एक-सिलिकॉन. १८७५ मध्ये पहिलं सापडलं, तेच गॅलियम. शोधणाऱ्याने त्याची घनता ४.७ मोजली. मेंडेलीव्ह यांनी तो धातू डोळ्यांनी पाहिलाही नव्हता, तरी त्यांनी कळवलं की मोजणी पुन्हा करा, ५.९ च्या आसपास यायला हवी. पुन्हा मोजली, तर ५.९ आली. ही गोष्ट वर्गात सांगताना आजही माझ्या अंगावर काटा येतो.

एकटा राहिलेला इलेक्ट्रॉन

एका रांगेतल्यांचा स्वभाव सारखा का, याचं कारण सगळ्यात बाहेरच्या कवचात आहे. सोडियमचे ११ इलेक्ट्रॉन २, ८, १ असे बसतात. पोटॅशियमचे १९ इलेक्ट्रॉन २, ८, ८, १ असे. दोघांच्याही शेवटच्या कवचात एकटा एकच. तो देऊन टाकला की आतलं भरलेलं कवच उघडं पडतं आणि अणूला स्थैर्य येतं. म्हणून हे दोघं, आणि त्यांच्या रांगेतले बाकीचेही, तो एक इलेक्ट्रॉन द्यायला उतावीळ असतात. शुद्ध सोडियमचा तुकडा पाण्यात टाकला तर तो फसफसत पळतो, कधी पेटही घेतो. प्रयोगशाळेत त्याला केरोसिनमध्ये बुडवून ठेवावं लागतं.

इथे मोठ्या बाबांनी मला अडवलं. “मंग मीठ काऊन नाही पेटत?”

कारण मिठातल्या सोडियमने आपला इलेक्ट्रॉन आधीच देऊन टाकलेला असतो. इलेक्ट्रॉन दिला की अणूवर विजेचा एक धन भार उरतो. अशा भार असलेल्या कणाला आयन म्हणतात. आयन झालेला सोडियम शांत असतो. मिठात, मातीत, विहिरीत, रक्तात सगळीकडे हा शांत झालेला आयनच असतो. पोटॅशच्या थैलीतही पोटॅशियमचा आयनच आहे, धातू नव्हे. थैलीवरच्या एन-पी-के मधला ‘के’ म्हणजे हेच पोटॅशियम, त्याच्या ‘कॅलियम’ या लॅटिन नावाचं पहिलं अक्षर. पोटॅश हा शब्द मात्र भांड्यातल्या राखेवरून आला. लाकडाची राख पाण्यात कालवून ते पाणी आटवायचे, ते हे. चुलीतली राख परसातल्या झाडांच्या बुडाशी टाकणाऱ्या आपल्या आज्या पोटॅशच देत होत्या.

स्वभाव सारखा म्हणजे काय, ते इथवर झालं. दोघंही एक इलेक्ट्रॉन देतात, दोघांचा भार एकच. नातवाचे मास्तर बरोबरच सांगतात. पण रांगेची दुसरी अर्धी गोष्ट त्यांनी सांगितलेली दिसत नाही, आणि मोठ्या बाबांचं उत्तर त्या अर्ध्यातच आहे.

खाली उतरलं की दावं लांब होतं

रांगेत एक घर खाली गेलं की एक कवच वाढतं, म्हणजे अणू मोठा होतो. केंद्रक म्हणजे खुंटा आणि बाहेरचा इलेक्ट्रॉन म्हणजे त्याला बांधलेलं जनावर समजा. खाली जाताना खुंटा जाड होतो, कारण प्रोटॉन वाढतात. पण दावंही लांब होतं, आणि मध्ये भरलेल्या कवचांची गर्दी होऊन खुंट्याची ओढ बाहेर पोचेनाशी होते. लांब दाव्याचं जनावर सहज सुटतं. म्हणून लिथियमपेक्षा सोडियम, सोडियमपेक्षा पोटॅशियम आपला इलेक्ट्रॉन अधिक लवकर सोडतं. पोटॅशियम पाण्यात पडताच जांभळट ज्योतीने पेटतं.

धातूंचा कडकपणाही असाच उतरत जातो. लिथियम १८० अंशांना वितळतं, सोडियम ९८ ला, पोटॅशियम ६३ ला, रुबिडियम ३९ ला आणि सिझियम अवघ्या २८ अंशांना. अकोल्याच्या मे महिन्यात बंद काचनळीतलं सिझियम सावलीतसुद्धा पाणी होऊन राहील.

पण शेतासाठी महत्त्वाचा आहे तो आयनचा आकार. मीटरचे एक लाख कोटी भाग केले तर एका भागाला पिकोमीटर म्हणतात. सोडियमच्या आयनची त्रिज्या सुमारे १०२ पिकोमीटर, पोटॅशियमची १३८. भार दोघांचा एकच, पण सोडियममध्ये तो लहान जागेत एकवटलेला. त्यामुळे सोडियम भोवतालचं पाणी जास्त घट्ट ओढून धरतं, जणू पाण्याची जाड गोधडी पांघरतं. पोटॅशियमची गोधडी पातळ असते आणि ते ती सहज टाकून देतं. म्हणून पाण्यात, गोधडीसकट मोजलं, तर लहान सोडियमच मोठं भरतं. ही उलटी गंमत नीट ध्यानात ठेवा, पुढचं सगळं तिच्यावर आहे.

सोडियम वावर कसं नासवतं

आपली काळी माती अतिशय पातळ पापुद्र्यांची बनलेली असते. पापुद्र्यांवर ऋण भार असतो. सारखे भार एकमेकांना ढकलतात, म्हणून पापुद्र्यांना एकत्र धरायला मध्ये धन भाराचे आयन लागतात. चांगल्या वावरात हे काम कॅल्शियम करतं. कॅल्शियम शेजारच्या, दुसऱ्या गणातलं. ते दोन इलेक्ट्रॉन देतं, म्हणून त्याचा भार दोन. पापुद्रे त्याच्यामुळे जवळ ओढले जातात, मातीचे कण बनतात, कणांमध्ये फटी राहतात, आणि फटींतून पाणी आणि हवा खेळते.

कॅल्शियमच्या जागी सोडियम शिरलं की पकड सैल होते. भार एकच, आणि अंगावर पाण्याची जाड गोधडी. पापुद्रे लांब ढकलले जातात, पावसात सुटे होऊन विखुरतात आणि सगळ्या फटी बुजवून टाकतात. म्हणून खारपाणपट्ट्यातलं वावर पावसाळ्यात लोण्यासारखं निसरडं होतं, पाणी वरच साचून राहतं, आणि उन्हाळ्यात तेच दगडासारखं टणक होऊन भेगाळतं. मातीने धरून ठेवलेल्या आयनांमध्ये सोडियमचा वाटा १५ टक्क्यांवर गेला की जमिनीला चोपण म्हणतात.

पूर्णा नदीच्या खोऱ्यातला हा पट्टा अमरावती, अकोला आणि बुलडाणा या 3 जिल्ह्यांत पसरलेला आहे. इथल्या कित्येक गावांत विहिरीला पाणी आहे, पण ते पिकाला देता येत नाही, कारण त्या पाण्याबरोबर वावरात आणखी सोडियम येतं. पाणी डोळ्यांपुढे असून कोरडवाहू राहण्याचं दुःख या भागाबाहेरच्या माणसाला पटकन कळत नाही.

आणि पोटॅशियम? ते आपली पातळ गोधडी टाकून देतं आणि पापुद्र्यांच्या पृष्ठावर ज्या बारीक खळग्या असतात त्यांत नेमकं बसतं. पापुद्रे तिथे जवळच राहतात. पोटॅशियमचाही अतिरेक मातीला चांगला नाही, पण सोडियमइतका घात ते करत नाही. भाऊ एका स्वभावाचे, पण बांधा वेगळा.

“मंग पोटॅश टाकून सोडियम हटन का?”

नाही हटणार. एका भाराच्या आयनने दुसऱ्या तशाच आयनला रेटून काढायचं म्हणजे पोटॅशच्या इतक्या थैल्या लागतील की शेती विकावी लागेल. त्याला हटवायला दोन भाराचं कॅल्शियम हवं. ते मिळतं जिप्सममधून. जिप्सम म्हणजे कॅल्शियम आणि सल्फेट. कॅल्शियम मातीच्या पापुद्र्यावर जाऊन बसतं, सुटलेलं सोडियम सल्फेटबरोबर पाण्यात विरघळतं आणि पावसाने खाली वाहून जातं.

इथे दर्यापूरचा कोणताही अनुभवी शेतकरी विचारेल की आमच्या वावरात चुनखडीचे खडे पायाला टोचतात, चुनखडी म्हणजे कॅल्शियमच, मग कमी कसं? प्रश्न रास्त आहे. कॅल्शियम आहे, पण कुलपात आहे. शुद्ध पाण्याच्या एका लिटरमध्ये जिप्सम दोन-अडीच ग्रॅम विरघळतं, आणि चुनखडी जेमतेम एका ग्रॅमचा शंभरावा भाग. चोपण जमिनीचा सामू, म्हणजे पीएच, चढलेला असतो, तिथे तर चुनखडी आणखीच हटून बसते. न विरघळलेलं कॅल्शियम पापुद्र्यापर्यंत पोचतच नाही.

मग मॅग्नेशियम चालेल का, तेही कॅल्शियमच्याच रांगेतलं, भारही दोन? तिथेही बांधा आडवा येतो. मॅग्नेशियम रांगेत वर, म्हणून लहान, म्हणून त्याची पाण्याची गोधडी जाड. पापुद्रे धरून ठेवायला ते कॅल्शियमपेक्षा कमी पडतं.

पान्याचा नंबर

पिकाला आणि माणसालाही हे दोन भाऊ वेगवेगळे ओळखावे लागतात. पानावरची बारीक छिद्रं उघडायची की मिटायची, हे पोटॅशियमच्या ये-जा करण्यावर ठरतं. पाण्याचा ताण पडला की झाड ती छिद्रं मिटून घेतं. आपल्या शरीरात पोटॅशियम पेशीच्या आत आणि सोडियम बाहेर असं ठेवलेलं असतं. पेशीच्या पडद्यातला एक पंप दर खेपेला ३ सोडियम बाहेर काढतो आणि २ पोटॅशियम आत घेतो. हा पंप थांबला तर मज्जातंतूतून संदेश जाणार नाहीत.

पेशीच्या पडद्यात फक्त पोटॅशियमसाठी दारंही असतात. आता नवल असं की सोडियम लहान असूनही या दारातून जात नाही. ट्रॅक्टरचा पानेसंच आठवा. १९ नंबरचा पाना १७ च्या नटाला बसत नाही. नट लहान आहे म्हणून पाना धरत नाही, नुसता घसरतो. पेशीच्या दारात ऑक्सिजनचे अणू अशा मापाने लावलेले आहेत की पोटॅशियमने पाण्याची गोधडी टाकली की ते त्याला सगळीकडून नेमके टेकतात. सोडियमला ते टेकतच नाहीत, म्हणून ते गोधडी सोडायला तयार होत नाही आणि गोधडीसकट दारात मावत नाही. या दाराची रचना उलगडल्याबद्दल रॉडरिक मॅकिनन यांना २००३ चं रसायनशास्त्राचं नोबेल पारितोषिक मिळालं.

पण मातीत सोडियमच सोडियम झालं तर मुळांच्या बाकीच्या वाटांवर गर्दी होते आणि पोटॅशियमला आत शिरायला जागा मिळत नाही. पानांच्या कडा करपतात. मोठ्या बाबांच्या कागदावरचा ‘जास्त’ आणि कोपऱ्यातली थैली, यांचा संबंध हा असा आहे.

उजवीकडचं घराणं: टीसीएल पावडर, मीठ आणि बोअरचं पाणी

पहिली रांग देणाऱ्यांची, तर उजवीकडून दुसरी रांग घेणाऱ्यांची. फ्लोरीन, क्लोरीन, ब्रोमीन, आयोडीन. यांना बाहेरच्या कवचात एकच इलेक्ट्रॉन कमी पडतो आणि ते तो ओढून घेतात. इथे क्रम उलटा. वरचा सगळ्यात लहान, म्हणून त्याची ओढ सगळ्यात जबर. फ्लोरीन इतकं जहाल की हाताळणं कठीण, क्लोरीन त्याखालोखाल, आयोडीन मवाळ.

ग्रामपंचायतीचा माणूस विहिरीत टीसीएल पावडर टाकतो, त्यातलं क्लोरीन जंतूंकडून इलेक्ट्रॉन ओढून घेऊन त्यांना मारतं. जखमेवर लावायच्या तपकिरी औषधातलं आयोडीन हेच काम करतं, पण जरा मवाळपणे, म्हणून ते कातडीवर चालतं.

यवतमाळ आणि चंद्रपूर जिल्ह्यांतल्या काही गावांत बोअरच्या पाण्यात खडकातून फ्लोराइड, म्हणजे फ्लोरीनचा आयन, उतरतं. पिण्याच्या पाण्यात ते लिटरला १ मिलिग्रॅमपर्यंत असावं, आणि दुसरी सोय नसेल तर फार तर १.५, असं भारतीय मानक सांगतं. त्यापुढे वर्षानुवर्षं प्यायलं तर मुलांच्या दातांवर पिवळे-तपकिरी पट्टे येतात आणि मोठ्यांचे सांधे आखडतात. या गावांत एक शंका ऐकू येते की पावडर टाकलेल्या पाण्यानेच हाडं धरतात, दोन्ही एकाच रांगेतले ना? शंका चुकीच्या जागी आहे, आणि तिच्यापायी लोक पावडर टाकू देत नाहीत तेव्हा फार वाईट वाटतं. हाडाच्या खनिजात ऑक्सिजन-हायड्रोजनच्या जोडीसाठी एक जागा असते. फ्लोराइडचा आकार जवळजवळ त्या जोडीएवढाच आहे, म्हणून ते तिथे सहज जाऊन बसतं. क्लोराइड एक घर खालचं, चांगलंच मोठं. त्याला तिथे फ्लोराइडसारखा शिरकाव मिळत नाही. तेव्हा पावडर टाकू द्या, आणि फ्लोराइडची तपासणी वेगळी करून घ्या.

पाणी उकळून फ्लोराइड जात नाही, उलट पाणी आटून त्याचं प्रमाण वाढतं. कँडलच्या फिल्टरनेही ते जात नाही. तुरटी आणि चुना वापरून ते काढायची एक रीत नागपूरच्या ‘नीरी’ या संस्थेने बसवली आहे. आरओ यंत्रानेही ते कमी होतं.

तक्ता चुकत नाही का?

काही जागी अवघडतो. हायड्रोजन पहिल्या रांगेच्या डोक्यावर बसवलेला आहे, कारण त्याचाही एकच इलेक्ट्रॉन. पण तो वायू आहे, धातू नाही, आणि त्या घराण्यात तो मनापासून शोभत नाही. मेंडेलीव्ह यांच्या वजनाच्या नियमालाही तडे होते. आर्गॉन पोटॅशियमपेक्षा जड आहे, तरी त्याला आधी बसवावं लागतं. १९१३ मध्ये हेन्री मोझली यांनी दाखवलं की क्रम वजनाने नाही, केंद्रकाच्या भाराने लावायचा. तसा लावला आणि तो गुंता सुटला.

बॅटरीचं तेवढं सांगते, कारण मोठ्या बाबांच्या नातवाने तेच विचारलं. लिथियमच्या बॅटरीऐवजी सोडियमची बॅटरी येते म्हणतात, ती खरी का? खरी आहे. एका रांगेतले असल्यामुळे सोडियम तेच काम करू शकतं, आणि ते साध्या मिठातून मिळतं. पण ते लिथियमपेक्षा तिपटीहून जड आणि आकारानेही मोठं, म्हणून तेवढीच वीज साठवायला बॅटरी जड होते.

कागदावर काय पाहायचं

नुसता सामू पाहून थांबू नका. विनिमयक्षम सोडियम असा रकाना असतो, म्हणजे पापुद्र्यांवर बसलेल्या सोडियमचा वाटा. साध्या तपासणीत तो नसेल तर मागून घ्यावा. जिप्सम एकरी किती लागेल ते त्यावरून ठरतं, शेजाऱ्याच्या वावरावरून नाही. अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठात याचा सल्ला मिळतो.

मोठ्या बाबांनी पावसाआधी जिप्सम टाकायचं ठरवलं. मी म्हटलं, “आधी वावराच्या उताराला चर काढा. सुटलेलं सोडियम पाण्यासोबत बाहेर गेलं पाहिजे, नाहीतर ते तिथंच मुरून पुन्हा वर येईल.” त्यांनी थैली भिंतीला नीट टेकवून ठेवली, कागद घडी करून खिशात घातला आणि नातवाला हाक मारली, “पोट्ट्या, फावडं आन बरं.”